एकाच सेलमध्ये दोन पिकं: हायड्रोजनसोबत मौल्यवान रसायन बनवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, रासायनिक कारखान्यांतले अभियंते आणि साखर कारखान्यांत काम करणारे मित्र मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. तीच उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयाची खरी अडचण त्याच ठिकाणी आहे.

हा प्रकार नेमका काय आहे?

पाण्याचं विद्युत अपघटन आपण सगळ्यांनी शाळेत केलेलं असतं. कॅथोडवर (ऋणाग्रावर) हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि अ‍ॅनोडवर (धनाग्रावर) ऑक्सिजनचे. आपल्याला हवा असतो हायड्रोजन. पण सेलमध्ये जितके इलेक्ट्रॉन कॅथोडवर खर्ची पडतात, तितकेच अ‍ॅनोडवर कुणाकडून तरी काढून घ्यावे लागतात. नेहमीच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये ते पाण्याकडून काढून घेतले जातात आणि ऑक्सिजन तयार होतो. 1 किलो हायड्रोजनमागे सुमारे 8 किलो ऑक्सिजन निघतो आणि बहुतेक ठिकाणी तो हवेत सोडून दिला जातो.

आता अ‍ॅनोडच्या बाजूला पाण्याऐवजी एखादं सेंद्रिय संयुग ठेवलं, म्हणजे एखादं अल्कोहोल किंवा अल्डिहाइड, तर इलेक्ट्रॉन त्याच्याकडून घेता येतात. त्या संयुगाचं ऑक्सिडेशन होऊन त्याचं आम्ल किंवा दुसरं एखादं उपयोगी रसायन बनतं. कॅथोडवर हायड्रोजन आधीसारखाच मिळत राहतो. वीज एकदाच मोजायची आणि माल दोन्ही बाजूंनी घ्यायचा. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. उसाच्या सरीत हरभरा घेणाऱ्या माणसाला आंतरपीक म्हणजे काय ते ठाऊक असतं.

अ‍ॅनोडवर ऑक्सिजन निघाला तर बिघडतं काय?

एकतर ऑक्सिजन तयार होणं ही संथ आणि अडखळत होणारी प्रक्रिया आहे. एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने काढावे लागतात. 25 अंश सेल्सिअसला पाणी फोडायला कागदावर 1.23 व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात चालू सेलला 1.8 ते 2 व्होल्ट द्यावे लागतात आणि त्या जादा व्होल्टांतला मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूला खर्च होतो. आम्लधर्मी पटल (दोन बाजू वेगळ्या ठेवणारा पातळ पडदा) वापरणाऱ्या सेलमध्ये तर त्या बाजूला इरिडियम लागतं. जगभरात वर्षाकाठी इरिडियम निघतं ते जेमतेम सात-आठ टन.

दुसरं म्हणजे, एवढा खर्च करून हाती येणाऱ्या ऑक्सिजनला भाव नाही. रुग्णालय किंवा पोलादाची भट्टी शेजारीच असेल तर गोष्ट वेगळी.

ही कल्पना नवीन आहे का?

नाही, आणि हे मी नेहमी आवर्जून सांगतो. कॉस्टिक सोड्याचा कारखाना म्हणजे असाच दोन्ही बाजूंनी माल घेणारा सेल. तिथे अ‍ॅनोडवर क्लोरीन निघतो, कॅथोडवर कॉस्टिक आणि हायड्रोजन. एक टन क्लोरीनमागे साधारण 28 किलो हायड्रोजन मिळतो.

सेंद्रिय बाजूचा इतिहासही जुना आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत आयझबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुकोजपासून विद्युत अपघटनाने कॅल्शियम ग्लुकोनेट बनवलं. त्यात थोडं ब्रोमाइड मध्यस्थाचं काम करत होतं. 1971 साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या फ्लाइशमन, कोरिनेक आणि प्लेचर यांनी अल्कधर्मी द्रावणात निकेलच्या अ‍ॅनोडवर अल्कोहोल आणि अमाइन यांचं ऑक्सिडेशन कसं होतं याचा पाया घातला. आज या क्षेत्रात निकेलवर निघणारे बहुतेक शोधनिबंध त्याच पायावर उभे आहेत. पुढे रोश कंपनीने व्हिटॅमिन सी बनवण्याच्या वाटेवरचा एक टप्पा, डायअ‍ॅसिटोन सॉर्बोजचं ऑक्सिडेशन, निकेलच्या अ‍ॅनोडवर करून पाहिला. त्यासाठी जाळ्यांचे थर गुंडाळून बनवलेला खास सेल तयार केला होता. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने 1999 मध्ये लुडविग्सहाफेनला जो प्रकल्प सुरू केला त्यात तर दोन्ही इलेक्ट्रोडांवर सेंद्रिय मालच बनतो, एकीकडे थॅलाइड आणि दुसरीकडे सुगंधी द्रव्यांसाठी लागणाऱ्या अल्डिहाइडचं अ‍ॅसिटाल.

नवं आहे ते हायड्रोजनसाठी या जुन्या रसायनशास्त्राकडे वळून पाहणं. 2015 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ह्युन गिल चा आणि क्युंग-शिन चोई यांनी एचएमएफ या साखरेपासून मिळणाऱ्या संयुगाचं ऑक्सिडेशन हायड्रोजन निर्मितीशी जोडून दाखवलं. पाठोपाठ 2016 मध्ये युटा राज्य विद्यापीठाच्या बो यू आणि युजी सुन यांनी निकेल फॉस्फाइड वापरून तेच अल्कधर्मी द्रावणात केलं. त्यानंतर शोधनिबंधांचा पूर आला.

एचएमएफ म्हणजे काय आणि सगळे त्याच्याच मागे का?

एचएमएफ म्हणजे हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल. फ्रुक्टोजसारख्या साखरेतून पाण्याचे तीन रेणू काढून टाकले की ते मिळतं. गूळ कढताना, कॉफीची बी भाजताना, मध जास्त तापवल्यावरही ते थोडंफार तयार होतं. मधाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा ते मोजतातच.

त्याच्या रेणूत एका टोकाला अल्कोहोल आणि दुसऱ्या टोकाला अल्डिहाइड असतं. दोन्ही टोकांचं आम्ल केलं की एफडीसीए मिळतं, म्हणजे फ्युरान डायकार्बोक्झिलिक आम्ल. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 2004 साली वनस्पतींपासून बनवण्याजोग्या महत्त्वाच्या रसायनांची जी यादी काढली तिच्यात ते आहे. पेट बाटलीत जे काम टेरेफ्थॅलिक आम्ल करतं ते एफडीसीए करू शकतं. त्यापासून बनणारं पीईएफ हे प्लॅस्टिक ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांना पेटपेक्षा चांगलं अडवतं.

विद्युत रसायनाच्या दृष्टीने हिशोब असा की एचएमएफच्या एका रेणूतून सहा इलेक्ट्रॉन निघतात, म्हणून एफडीसीएच्या प्रत्येक रेणूमागे हायड्रोजनचे तीन रेणू मिळतात. वजनात मांडायचं तर 1 किलो हायड्रोजनसोबत सुमारे 25.8 किलो एफडीसीए. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

प्रयोगशाळेत हे कसं दिसतं?

20 मिलिलिटर द्रावण घ्या. 1 मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये 10 मिलिमोलर एचएमएफ. त्यात निकेल फोमचा (स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलचा) एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा, मधे पटल, पलीकडे कॅथोड. सगळ्या एचएमएफचं एफडीसीए व्हायला साधारण 116 कूलॉम लागतात. 10 मिलिअँपिअरला सव्वातीन तास. एवढ्या वेळात हाती येतं 31 मिलिग्रॅम एफडीसीए आणि 15 मिलिलिटरच्या आसपास हायड्रोजन, म्हणजे एका इंजेक्शनच्या पिचकारीत मावेल इतका.

यात एक प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करायला लावतो. एचएमएफ न घालता फक्त अल्कधर्मी द्रावणात निकेल फोमला व्होल्टेज द्यायचं. करडा फोम हळूहळू काळा पडतो, कारण पृष्ठभागावरचं निकेल हायड्रॉक्साइड बदलून त्याचं निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड होतं. मग वीज बंद करायची आणि एचएमएफचे काही थेंब सोडायचे. वीज नसतानाही काळेपणा उतरू लागतो. म्हणजे एचएमएफचे इलेक्ट्रॉन थेट तारेत जात नाहीत. ते आधी या काळ्या थराला मिळतात, थर पूर्वस्थितीला येतो आणि वीज त्याला पुन्हा काळा करते. पुस्तकातलं अख्खं प्रकरण वाचून जे डोक्यात शिरत नाही ते त्या पाच मिनिटांत शिरतं.

मग विजेची बचत किती होते?

इथे बरीच गल्लत होते, म्हणून सावकाश सांगतो.

1 किलो हायड्रोजनसाठी सेलवरच्या प्रत्येक व्होल्टमागे 26.6 युनिट वीज लागते. हे फॅरेडेच्या नियमातून येतं, त्यात घासाघीस नाही. सेल 1.9 व्होल्टवर चालत असेल तर साधारण 50 युनिट. तोच 1.6 व्होल्टवर आला तर साडेबेचाळीस. म्हणजे 0.3 व्होल्ट वाचवले तर किलोमागे आठ युनिट.

कागदावर बचत याहून कितीतरी मोठी दिसते. इथेनॉलपासून अ‍ॅसेटिक आम्ल आणि हायड्रोजन मिळवायला सिद्धांतानुसार 0.1 व्होल्टही लागत नाही. पण आत्ताच पाहिलेला निकेलचा काळा थर तयार व्हायलाच हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत 1.35 व्होल्टच्या आसपास लागतात. तो तयार झाल्याशिवाय काम सुरू होत नाही. उलट निकेल-लोहाचा चांगला उत्प्रेरक ऑक्सिजनच 1.45 ते 1.5 व्होल्टला सोडू लागतो. म्हणून निकेलवर खरी बचत बऱ्याचदा एक-दोन दशांश व्होल्टांचीच असते. काही शोधनिबंधांत तुलनेसाठी ऑक्सिजनचा मुद्दाम कच्चा उत्प्रेरक घेतलेला असतो आणि मग बचत फुगलेली दिसते. आलेख वाचताना आधी ते तपासा.

माझं मत स्पष्ट आहे. निकेलवरच्या या पद्धतीचं समर्थन विजेच्या बचतीवर करू नये. समजा वीज 7 रुपये युनिट आहे. आठ युनिटांचे 56 रुपये वाचले. त्याच वेळी 25 किलोंहून जास्त एफडीसीए तयार झालं. त्याला अगदी 100 रुपये किलो भाव धरला तरी अडीच हजार रुपयांचा माल झाला. म्हणजे सगळं गणित मालाच्या भावावर आणि त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालावर ठरतं. या सेलमध्ये ऊस म्हणजे एफडीसीए आणि हरभरा म्हणजे हायड्रोजन. उलटं समजलात तर हिशोब चुकतो.

दोन्ही इलेक्ट्रोडांवर हायड्रोजन मिळतो असं वाचलं. हे शक्य आहे?

हो. फॉर्मल्डिहाइड, फरफ्युरल किंवा एचएमएफ यांसारख्या अल्डिहाइडचं तीव्र अल्कधर्मी द्रावणात तांब्याच्या अ‍ॅनोडवर ऑक्सिडेशन केलं, तर अल्डिहाइडच्या टोकाचा हायड्रोजन अणू पाण्यात न मिसळता वायू होऊन बाहेर पडतो. कॅथोडवर नेहमीचा हायड्रोजन असतोच. चीनमधल्या हुनान विद्यापीठाच्या गटाने 2022 मध्ये हे दाखवलं. सेल 0.1 व्होल्टच्या आसपास सुरू होतो आणि त्यांनी घनमीटरमागे 0.35 युनिट विजेचा आकडा दिला, जिथे नेहमीच्या पद्धतीला 5 युनिट लागतात.

हा आकडा वाचून हुरळून जाण्याआधी एक गोष्ट पाहा. इथे ऊर्जा विजेऐवजी अल्डिहाइडमधून आणि द्रावणातल्या अल्कामधून येते. अल्क खर्ची पडतं, ते पुन्हा विकत आणावं लागतं. तरीही निकेलच्या 1.35 व्होल्टच्या भिंतीला वळसा घालणारी ही वाट मला फार आशादायक वाटते. तांब्याचा पृष्ठभाग किती तास टिकतो, तेवढंच पाहायचं.

एचएमएफ सोडून दुसरं काय वापरता येतं?

ग्लिसरॉल. बायोडिझेल बनवताना वजनाच्या साधारण दहा टक्के ग्लिसरॉल निघतं, त्यामुळे ते स्वस्त आहे. पण रेणूत तीन अल्कोहोल असल्यामुळे ते कुठेही फुटतं. निकेलवर ते बहुतेक वेळा पार तुटून फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचा क्षार, होतं. फॉर्मिक आम्लाला बाजार आहे, पण तीन कार्बनांची साखळी तोडून एका कार्बनाचे तुकडे करणं म्हणजे सागवान जळणाला वापरण्यासारखं आहे. साखळी शाबूत ठेवून ग्लिसरिक आम्ल किंवा डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन मिळवायचं तर प्लॅटिनम, सोनं असे महाग धातू लागतात.

बेंझिल अल्कोहोलपासून बेंझाल्डिहाइड किंवा बेंझोइक आम्ल मिळतं, प्राथमिक अमाइनपासून नायट्राइल. ही औषधनिर्मितीच्या जवळची रसायनं आहेत, परिमाण लहान आणि भाव चांगला. पेट बाटल्यांचा चुरा अल्कात विरघळवून त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलपासून फॉर्मेट आणि बाजूला टेरेफ्थॅलिक आम्ल परत मिळवण्याचे प्रयोगही चांगले झाले आहेत.

युरियाचं नाव नेहमी घेतलं जातं. त्यातून नायट्रोजन आणि कार्बोनेट मिळतं, म्हणजे सांडपाणी स्वच्छ होतं पण विकायला काही हाती लागत नाही. तो वेगळा विषय आहे.

निवडकता, म्हणजे हवा तोच माल बनणं, एवढी महत्त्वाची का?

कारण अर्धवट झालेला माल वेगळा काढणं हाच सगळ्यात महाग उद्योग असतो. एचएमएफपासून एफडीसीएपर्यंत दोन वाटा आहेत. तीव्र अल्कात आधी अल्डिहाइडचं टोक आम्ल होतं. कमी अल्कात, टेम्पो (TEMPO) नावाच्या रसायनासारखा सेंद्रिय मध्यस्थ वापरला तर आधी अल्कोहोलचं टोक अल्डिहाइड होतं आणि डायफॉर्मिलफ्युरान बनतं. वाट कुठलीही असली तरी शेवटच्या पायरीआधी एक अर्धवट आम्ल लागतं. ते एफडीसीएमध्ये अगदी थोडं उरलं तरी पॉलिमरची साखळी तिथेच तुटते आणि प्लॅस्टिक पिवळं पडतं. म्हणून 95 टक्के निवडकता हा आकडा परीक्षेत छान असला, तरी पॉलिमर बनवणाऱ्याला तो पुरत नाही.

शोधनिबंधांत 99 टक्के उत्पादन दिसतं. मग कारखाने का दिसत नाहीत?

हाच खरा प्रश्न आहे.

पहिलं कारण एचएमएफचा स्वभाव. तीव्र अल्कात ते टिकत नाही. एकदा संध्याकाळी मी 1 मोलर अल्कात एचएमएफ विरघळवून ठेवलं, उद्या सकाळी प्रयोग लावू म्हणून घरी गेलो. सकाळी फिकट पिवळं द्रावण काळ्या चहासारखं झालेलं होतं आणि बाटलीच्या तळाला तपकिरी गाळ. एचएमएफचे रेणू एकमेकांना चिकटून ह्युमिन नावाचा डांबरासारखा पदार्थ झाला होता. तेव्हापासून आमच्याकडे द्रावण कालवलं की लगेच सेल सुरू करायचा असा नियम आहे. संहती वाढवली की हे आणखी वेगाने होतं.

म्हणून बहुतेक शोधनिबंध 5 किंवा 10 मिलिमोलर इतक्या पातळ द्रावणात केलेले असतात. आता तेच प्रमाण मोठ्या परिमाणावर नेऊन पाहू. 10 मिलिमोलरला 25.8 किलो एफडीसीए, म्हणजे 1 किलो हायड्रोजनचा जोडीदार, बनवायला साडेसोळा हजार लिटर द्रावण लागेल. पाण्याचे दीड टँकर. आणि 1 मोलर अल्क धरलं तर त्या द्रावणात 925 किलोंच्या वर पोटॅशियम हायड्रॉक्साइड असेल.

दुसरं कारण माल बाहेर काढणं. अल्कधर्मी द्रावणात एफडीसीए मिठाच्या रूपात विरघळलेलं असतं. ते घन रूपात हवं तर आम्ल ओतून पीएच खाली आणावा लागतो. पांढरा साका बसतो तेव्हा फार समाधान वाटतं, गाळून घेताना तो ताकाच्या निवळीखालच्या साक्यासारखा दिसतो. पण त्या आम्लाने सगळं अल्क मारलेलं असतं. अगदी जास्तीचं अल्क मुळीच नव्हतं असं धरलं, कॉस्टिक सोडा आणि सल्फ्युरिक आम्ल वापरलं, तरी 1 किलो एफडीसीएमागे सुमारे 0.9 किलो सोडियम सल्फेट तयार होतं. वरच्या उदाहरणातल्या 925 किलो अल्काचं काय होईल, त्याचा अंदाज करा. हे खारं पाणी कुठल्याच औद्योगिक वसाहतीचं सामायिक सांडपाणी केंद्र आनंदाने घेणार नाही.

यावर उपाय आहेत. द्विध्रुवी पटलांचं इलेक्ट्रोडायलिसिस करून मिठापासून आम्ल आणि अल्क दोन्ही परत मिळवता येतात, अर्थात त्याला पुन्हा वीज लागते. कमी अल्कात टेम्पोसारख्या मध्यस्थावर काम करता येतं, पण मग मध्यस्थ मालातून वेगळा काढावा लागतो. आम्लधर्मी द्रावणात एफडीसीए आपोआप खाली बसेल, पण तिथे निकेल विरघळून जातं. तिन्ही दिशांनी काम चालू आहे. नवा उत्प्रेरक शोधण्यापेक्षा या एका प्रश्नावर जास्त लोकांनी बसावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरं कारण प्रवाहघनता. औद्योगिक अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझर चौरस सेंटिमीटरला 200 ते 400 मिलिअँपिअरवर चालतो. पातळ द्रावणात इतका प्रवाह ओढला की पृष्ठभागाजवळचं एचएमएफ संपतं आणि उरलेले इलेक्ट्रॉन पाण्याकडून घेतले जातात. ऑक्सिजनचे बुडबुडे येऊ लागतात आणि निवडकता घसरते.

आणखी एक, पटलाचं. एचएमएफ पटल ओलांडून कॅथोडकडे गेलं तर तिथे त्याचं क्षपण होतं. तो माल गेला आणि तेवढा हायड्रोजनही गेला.

ऑक्सिजन नसल्यामुळे सुरक्षितता वाढते का?

वाढते, आणि या फायद्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पेट घेऊ शकतो. नेहमीच्या अल्कधर्मी सेलमध्ये भार फार कमी झाला की पटलातून झिरपणाऱ्या हायड्रोजनचं ऑक्सिजनमधलं प्रमाण वाढत जातं, म्हणून यंत्र साधारण 20 ते 25 टक्के भाराखाली चालवत नाहीत. सौर विजेवर चालवताना सकाळ-संध्याकाळ ही अडचण येतेच. अ‍ॅनोडवर वायूच तयार होत नसेल तर तो धोका जवळपास संपतो. मात्र इथेनॉल किंवा मिथेनॉल वापरत असाल तर त्यांच्या वाफेची काळजी वेगळी घ्या.

भारताचं हरित हायड्रोजनचं लक्ष्य यातून गाठता येईल का?

नाही. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालं, तरतूद 19,744 कोटी रुपयांची आणि लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं. एवढा हायड्रोजन एफडीसीएच्या जोडीने काढायचा म्हटलं तर जवळजवळ 13 कोटी टन एफडीसीए तयार होईल. जगभरात मिळून टेरेफ्थॅलिक आम्लही तेवढं बनत नाही. कोण घेणार?

उलट बाजूनेही पाहा. नेदरलँड्समध्ये डेल्फझाइल इथे अव्हँटियम कंपनीच्या एफडीसीए प्रकल्पाचं 2024 मध्ये उद्घाटन झालं, क्षमता वर्षाला 5,000 टन. तिथे ऑक्सिडेशन विजेने होत नाही, उष्णता, उत्प्रेरक आणि ऑक्सिजन यांच्यावर होतं. समजा तेवढंच एफडीसीए विजेने बनवलं, तर वर्षाला मिळेल सुमारे 194 टन हायड्रोजन. नेहमीच्या पद्धतीने तो जेमतेम एक-सव्वा मेगावॅटच्या इलेक्ट्रोलायझरमधून येतो. एका रसायनाचा व्यापारी पातळीवरचा अख्खा प्रकल्प आणि हायड्रोजन एका छोट्या यंत्राइतका.

खत कारखाने, तेलशुद्धीकरण, पोलाद यांना लागणारा हायड्रोजन पाण्यातूनच येईल आणि यावा. जोडपद्धतीची जागा दुसरीकडे आहे. रसायनं बनवणाऱ्या मध्यम कारखान्याला हायड्रोजनेशनसाठी थोडाच हायड्रोजन लागतो. आज तो सिलिंडरने येतो. 7 घनमीटरच्या पोलादी सिलिंडरमध्ये हायड्रोजन असतो सुमारे 600 ग्रॅम आणि तो उचलायला दोन माणसं लागतात. आवारातच एक ऑक्सिडेशन विजेवर नेलं आणि त्यातून निघालेला हायड्रोजन शेजारच्या रिअ‍ॅक्टरला दिला, तर ही ने-आण थांबते.

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना यात काही आहे का?

कच्चा माल आहे, हे नक्की. उसाच्या वजनाच्या अडीच ते तीन दशांश बगॅस (रस काढल्यावर उरणारं चिपाड) असतं. ते आज बॉयलरमध्ये जळतं आणि त्यावर सहवीज चालते. बगॅसमधल्या पेंटोज शर्करांपासून फरफ्युरल बनवणं ही जुनी, सिद्ध झालेली पद्धत आहे. फरफ्युरलचं एक टोक ऑक्सिडाइझ केलं की फ्युरोइक आम्ल मिळतं आणि फरफ्युरलचंच हायड्रोजनेशन केलं की फरफ्युरिल अल्कोहोल, जे ओतकामात वाळूच्या साच्यांना लागणाऱ्या रेझिनसाठी जातं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे नाव नवं नाही. म्हणजे एकाच कच्च्या मालाचा एक भाग अ‍ॅनोडला द्यायचा आणि तिथला हायड्रोजन उरलेल्या भागाला वापरायचा, असं वर्तुळ पूर्ण करता येतं. कागदावर मला ही सगळ्यात सुंदर जोडी वाटते.

इथेनॉलही आहे. 11.4 किलो इथेनॉलपासून 1 किलो हायड्रोजन आणि 14.9 किलो अ‍ॅसेटिक आम्ल मिळू शकतं. पण इथेनॉलला पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी ठरलेला भाव आहे आणि अ‍ॅसेटिक आम्ल जगात मिथेनॉलपासून स्वस्तात बनतं. त्यामुळे इथे आज नफा दिसत नाही. सहवीज प्रकल्प हंगामापुरता चालतो, हेही विसरू नका. सेल मात्र वर्षभर चालला तरच भांडवल वसूल होतं.

असं यंत्र विकत मिळतं का?

पाण्याच्या इलेक्ट्रोलायझरसारखं तयार, हमीसकट मिळणारं यंत्र नाही. कॉस्टिक किंवा सेंद्रिय विद्युत संश्लेषणासाठी बनवलेले फिल्टर-प्रेस पद्धतीचे (चौकटी एकमेकींवर दाबून बसवलेले) सेल मिळतात, त्यात स्वतःचा अ‍ॅनोड, पटल आणि प्रवाहाची मांडणी बसवावी लागते. कुणी पूर्ण प्रकल्पाचा दर देऊ करत असेल तर त्याच्याकडे सलग किती तास चाललेल्या सेलची नोंद आहे ते आधी मागा. तासांचा आकडा हजारात नसेल तर थांबा.

मला यावर एमएस्सीचा प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

बेंझिल अल्कोहोलपासून करा, एचएमएफपासून नको. ते स्वस्त आहे आणि अल्कात रात्रभर ठेवलं तरी सुखरूप राहतं. नवा उत्प्रेरक बनवण्याच्या मागे लागू नका. साधा निकेल फोम घ्या, सौम्य आम्लात धुऊन घ्या आणि आधी काळ्या थराचा वर सांगितलेला प्रयोग करा. मग प्रवाह, वेळ आणि एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मिळणारा माल यांचा हिशोब जुळवा. त्याच वेळी कॅथोडकडचा हायड्रोजन उलट्या ब्युरेटमध्ये गोळा करून मोजा. दोन्ही बाजूंचे कूलॉम जुळायला हवेत. कराईकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेत सेंद्रिय विद्युत संश्लेषणावर अनेक दशकं काम झालेलं आहे, तिथले जुने निबंध ग्रंथालयातून काढून वाचा. सेल कसा बांधायचा, पटल कसं ओलं ठेवायचं, तापमान कसं सांभाळायचं हे त्यांत बारकाईने सापडतं.

कार्बनचा ताळेबंदही रोज लिहा. सुरुवातीला जितका कार्बन घातला तितका शेवटी कशाकशात सापडला, ते वहीत एका ओळीत मांडायचं. बेरीज 90 टक्क्यांच्या खाली आली तर दुसऱ्या दिवशी नवा प्रयोग लावू नका. आधी तो हरवलेला कार्बन शोधा. बहुतेक वेळा तो पटलापलीकडे कॅथोडच्या द्रावणात सापडतो.